आधी कार्ड बघ

"तोंड खाली करा आधी."

सकाळची वेळ, तळ्याचा काठ, भणाणता वारा, आणि मागून कुणीतरी मला हे ऐकवतोय. मी वळले ती भांडायच्या तयारीनेच. समोर एक उंच, किडकिडीत माणूस. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, आणि माझा चेहरा बघून तोच घाबरलेला.

"तुमचं नाही... कॅमेऱ्याचं," तो गडबडला. "लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवायचं, वाऱ्याकडे पाठ करायची. आत धूळ गेली की मग प्रत्येक फोटोत आकाशात ठिपका. आणि आधी बंद करा त्याला."

"आणखी काही हुकूम?"

"हो," तो म्हणाला. थट्टा त्याला कळलीच नव्हती. "आत कार्ड आहे का?"

मी झाकण उघडून बघितलं. नव्हतं. फोटो उतरवून घ्यायला म्हणून काढलं होतं, ते घरी कॉम्प्युटरलाच राहिलं होतं. आणि मी मघापासून उगवता सूर्य काय, बगळे काय, होडीवाला काय... सगळं जीव ओतून टिपत होते.

"पण बटण तर दाबलं जात होतं," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला असणार.

"दुकानातून येताना कधी कधी तसंच असतं. द्या इकडे." त्याने मेनूत शिरून काहीतरी बदललं. "आता कार्ड नसेल तर हा बटण दाबूच देणार नाही. माझा पहिल्या दिवसापासून तसाच ठेवलाय. आधी कार्ड बघायचं, मग जगाकडे." आणि पिशवीतून स्वतःचं जास्तीचं कार्ड काढून माझ्या कॅमेऱ्यात घातलं. "असू दे. सावकाश परत करा."

ते कार्ड मी सावकाशच परत केलं. इतकं सावकाश, की काय सांगू.

तळ्यावर दर रविवारी हौशी लोकांचा घोळका जमायचा, आणि त्यात सगळे याला मास्तर म्हणायचे. हा होता नकाशे काढणाऱ्या कचेरीत, पण सल्ला द्यायची खोड अशी, की दुसरं नाव शोभलंच नसतं. कुणी नव्या लेन्सची जाहिरात दाखवली की हा म्हणायचा, "आहे ती वर्षभर वापर. मोठं दिसायला हवं तर दोन पावलं पुढे जा, पाय कशाला दिलेत?" गार खोलीतून बाहेर आलं की कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच ठेवायचा, नाहीतर काचेवर वाफ धरते. दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. फोटो काढताना सारखं मागच्या स्क्रीनकडे बघायचं नाही, तेवढ्यात समोरचं निघून जातं. लेन्स कपाटात कोंडून ठेवायची नाही, वापरात नसली की बुरशी येते.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एका दुपारी मास्तर दुकानात हजर.

"डोळे तपासायचे होते."

"तुमचे डोळे चांगले आहेत. रविवारी कुणाकडे बघत असतात ते मला बरोबर दिसतं."

तो लाजला. पुरुष लाजला की कान लाल होतात, हे मला तेव्हा कळलं. त्याला खुर्चीवर बसवलं, डोळ्यांपुढे काच लावली, दुसरी लावली. "कुठल्यात स्पष्ट दिसतं? ही... की ही?"

"दोन्ही सारख्याच."

"परत बघा. ही... की ही?"

"सांगता येत नाही. पहिली बरी होती बहुतेक... की दुसरी?"

"असं चालत नाही मास्तर. इथे एक निवडावी लागते."

"तूच निवड की," तो म्हणाला. त्याचं पहिलं 'तू' असं अचानक आलं, आणि मी काच हातात धरून तशीच उभी राहिले. पुढचं गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा भानावर आले.

मग एक दिवस तळ्यावर भुरभुर सुरू झाली. आम्ही दोघं होडीवाल्याच्या पत्र्याखाली पळालो. मास्तरने छत्री उघडली आणि धरली कुणावर, तर माझ्या कॅमेऱ्यावर.

"मी भिजतेय."

"तू वाळशील. तो नाही वाळणार."

"धन्य आहे तुमची."

तेव्हा तो हसला. मग खिशातून लेन्स पुसायचं मऊ फडकं काढलं आणि माझ्या कपाळावरचं पाणी टिपलं... हळूच, काचेवर ओरखडा पडेल अशा भीतीने.

"ते फडकं लेन्सशिवाय कशालाही लावायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच." त्याने हात मागे घेतला नाही. "तूही मला तू म्हण ना."

"म्हणेन. ज्या दिवशी माझ्या बाबांसमोर बसून बोलाल, त्या दिवशी."

"बोलेन," तो म्हणाला. "जरा योग्य वेळ बघून."

तेव्हा मला ते शब्द गोड वाटले. मूर्ख होते मी.

योग्य वेळ बघण्यात दोन ऋतू गेले. मग आत्याने स्थळ आणलं. मुलगा पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप चालवणारा, सरळ, निर्व्यसनी. माझ्या बहिणीने त्याचं नाव लगेच पंपवाला ठेवलं. मी मास्तरला गाठून सांगितलं, "आता पाणी गळ्याशी आलंय. तुम्हाला जमत नसेल तर मी बोलते बाबांशी."

"नको," तो एकदम म्हणाला. "ते माझं काम आहे. मी रविवारी येतो घरी."

आला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. मी आईला मदत करायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात उभी. आई म्हणाली, "कप वाजवू नकोस गं."

आणि तळ्यावरचे मास्तर म्हटल्याबरोबर बाबांनी कपाटातून त्यांचा नवा कॅमेरा काढला. निवृत्तीनंतर हौस म्हणून घेतलेला. "बरं झालं आलात. हा फ्लॅश सारखा आपोआप का उडतो हो?"

झालं. मास्तरच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी ओळखली. फ्लॅश झाला, बॅटरी झाली, पट्टा मनगटाला कसा गुंडाळायचा ते झालं. कपाटात ठेवू नका काका, बुरशी येते, तेही झालं. चहा झाला, परत चहा झाला. उन्हं कलली. बाबा इतके खूश, की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही आता घरचेच. हिचं लग्न ठरतंय बरं का. फोटो तुम्हीच काढायचे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना. आता तरी... आता तरी.

"काढेन की," मास्तर म्हणाला.

जिन्यात मी त्याला अडवलं. "काय होतं हे?"

"तू बघितलंस ना, ते किती रंगात आले होते. त्यात कसं बोलणार? पुढच्या वेळी—"

"पुढची वेळ कुठे आहे, मास्तर?"

तो जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिला. वरून बाबांनी हाक मारली, "अहो, झाकण विसरलात लेन्सचं." ते घ्यायला तो वर गेला आणि मी खाली अंगणात जाऊन रडले.

पंपवाला भेटायला आला तेव्हा पाच मिनिटं आम्हाला गच्चीत एकटं सोडलं. त्याने विचारलं, "तुमच्या मनात दुसरं कुणी असेल तर आत्ताच सांगा. मी नाही म्हणालो असं घरी सांगेन, तुमच्यावर काही येणार नाही." इतका सरळ प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी एका दिवसाची मुदत मागितली आणि मास्तरला फोन केला.

"काय सांगू त्याला?"

पलीकडून आवाज आला, "मी कसं सांगणार? तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. तू नीट विचार कर."

टाळी एका हाताने वाजत नाही. वाजवून वाजवून माझा हात दुखला होता. मी पंपवाल्याला सांगितलं, मनात कुणी नाही.

लग्न नोंदणी कचेरीत, घरच्या घरी म्हणावं असं. फोटोला बाबांचे लाडके मास्तर. दिवसभर तो कॅमेरा डोळ्याला लावून फिरत होता. सह्या करताना, हार घालताना, आत्या डोळे पुसताना, सारखा तो खट खट आवाज माझ्या मागेपुढे. आईने कितीतरी वर्षांनी हौसेने आवरलं होतं. ती त्याला म्हणाली, "आमच्या दोघांचा एकत्र असा एकही धड फोटो नाही हो. एक काढता?" त्याने दोघांना खिडकीच्या उजेडात उभं केलं. "काकू, हसा जरा," म्हणाला. आई हसली. इतकी छान हसली, की मी हातातलं टाकून बघत राहिले.

सगळं उरकल्यावर बाबांनी विचारलं, "मग, फोटो कधी दाखवताय?"

मास्तर पांढराफटक पडला. "काका... कार्ड टाकायचं राहिलं. एकही आला नाही."

बाबांनी आईकडे बघितलं. मग बाबाच म्हणाले, "असू द्या हो. माणूस आहे, होतं." माझा नवरा हसला, "पुरावाच नाही म्हणजे. आता ही उद्या ओळख नाही म्हणाली तर?" सगळे हसले. आई सोडून. आणि मी सोडून.

मास्तर बाहेरच्या बोळात सामान आवरत होता. मी गेले. "कॅमेरा द्या."

त्याने दिला. मी झाकण उघडलं. रिकामं. लावलं, बटण दाबलं. खट.

"हा कार्डाशिवाय बटण दाबू देत नव्हता," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

त्याने बराच वेळ पिशवीची चेन मागेपुढे केली. "आज सकाळी बदललं."

"का?"

"काकांना नाही म्हणवेना. आणि तुला त्याच्या शेजारी... ते माझ्या हाताने साठवायचं, घरी नेऊन दोन ठिकाणी उतरवायचं... नाही जमलं असतं मला." त्याचे डोळे भरले होते. "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

या वाक्याची मी किती वाट बघितली होती. तळ्यावर, दुकानात, स्वयंपाकघराच्या दारात. मला वाटायचं, हे ऐकलं की मी विरघळून जाईन. मला संताप आला. मेनूत शिरून, पानं उलटून, ती एवढीशी गोष्ट शोधून बदलायला याला आज धीर झाला. आमच्या सोफ्यावर बसून चार शब्द बोलायला झाला नव्हता.

"आणि आईबाबांचा?" मी विचारलं. "तोही असाच काढलात? हसा म्हणून?"

तो दचकला. खरंच दचकला. "ते... ते लक्षातच नाही आलं माझ्या."

"नाहीच येणार. तुमच्या लक्षात फक्त तुमचं दुःख होतं."

"आज तरी मला तू म्हण," तो पुटपुटला.

"नाही मास्तर. ते राहिलं."

माझ्या पर्समध्ये त्याचं कार्ड होतं. तळ्यावरचं, पहिल्या दिवशीचं. आज परत करून टाकू म्हणून घेऊन आले होते. ते मी त्याच्या कॅमेऱ्यात घातलं. मग मेनू उघडला आणि ती सेटिंग पूर्वीसारखी करून ठेवली. त्यानेच शिकवलं होतं, त्यामुळे शोधावी लागली नाही.

"आईबाबा अजून खिडकीपाशी आहेत. उजेड आहे तोवर त्यांचा काढा. मग निघा."

तो गेला. "काकू, परत एकदा," म्हणाला. आई म्हणाली, "आता कुठलं हसू येतंय." पण बाबा तिच्या कानात काहीतरी कुजबुजले आणि ती हसली. बाबांनी मला हाक मारली, "ये की गं तूही." मी म्हटलं, तुमचा दोघांचाच होऊ दे. बाहेर नवरा गाडीचं दार उघडून उभा होता. मी जाऊन बसले. त्याने विचारलं, डोळे का लाल झालेत? मी म्हटलं, धूळ गेली. त्याने काच वर केली.

तो फोटो आईच्या खोलीत लावलाय. माहेरी गेले की मी बघते. फार सुंदर आलाय. माणसाला फोटो काढता येत होते, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.