दिव्याकडची बाजू

जेसल पार्कातल्या एका इमारतीत तळमजल्यावर निकेतचा फोटो स्टुडिओ होता. दिव्याचा उजेड थेट तोंडावर पडला की माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. म्हणून दिवा आणि माणूस यांच्यामध्ये तो डिफ्यूजर उभा करायचा. डिफ्यूजर म्हणजे चौकटीला ताणलेलं पांढरं कापड. त्यातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो.

सोमवारी ते कापड फाटलं. नवं यायला आठवडा होता. पाली गावातल्या घरी आईच्या पेटीत तळाला त्याला एक जुनं, विरळ सुती कापड सापडलं. कोपऱ्याला हळदीचा डाग होता. आईला न विचारता त्यानं ते उचललं आणि किनारीची दुमड दिव्याकडे ठेवून चौकटीला चिमट्यांनी लावलं.

मंगळवारी स्वप्नाली आपल्या सहा महिन्यांच्या निहारला घेऊन आली. खुळखुळा वाजवून हात दुखले, पण पोर कापडाकडेच बघत होतं.

"दादा, तिकडे काय दिसतंय याला?"

"लाइट बघतोय, ताई."

फोटो मात्र लोण्यासारखे आले. डिफ्यूजरचा पांढरा चौकोन डोळ्यांच्या बाहुल्यांत उमटतो, तसा निहारच्याही उमटला होता. त्या चौकोनात मधोमध एक करडा डाग होता. दिव्याचा स्टँड असेल, म्हणून निकेतनं स्टँड सरकवला.

बुधवारी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत त्या डागाला खांदे होते. डावा खांदा उतरलेला.

निकेत कापडामागे जाऊन आला. दिवा आणि भिंत, बाकी काही नाही. पण धंद्यातली साधी गोष्ट त्याला ठाऊक होती. वस्तू कापडापासून लांब असली की सावली विरघळते, जवळ आली की तिला धार येते.

गुरुवारी भर दुपारी त्याची आई, गोदूबाई, आली. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा जानू समुद्रात गेला. होडी सापडली, माणूस नाही. जाळी ओढून त्याचा डावा खांदा उतरलेला होता. रविवारी भटजी येऊन त्याची क्रिया करणार होते. त्याआधी गोदूबाईला अंगावरच्या सौभाग्यासकट एक फोटो हवा होता.

"ते मेले असं मी मानलेलं न्हाय," ती स्टुलावर बसत म्हणाली. "तुम्हा लोकांना घाई."

"आये, तीन वर्षं झाली."

"तुझ्या बापूसला उशीर करायची सवयच हाय. लग्नालाबी उशिरा आलेला. अंतरपाट धरून भटाचे हात मोडले."

मग तिची नजर कापडावर गेली. ती उठून कोपऱ्याजवळ गेली, हळदीच्या डागावर बोट फिरवलं.

"हाच तो."

"काय?"

"आमचा अंतरपाट. मी हिकडं, ते तिकडं."

निकेतनं तिला परत बसवलं. एक फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचे डोळे मोठे करून पाहिले.

चौकोनात माणूस होता. कान दिसत होता.

इतकी धार कापडाला टेकल्याशिवाय येत नाही.

"आये, उठ. बाहेर चल."

"कवाचे उभे हायत," ती हळूच म्हणाली. तिनं हात लांबवून वरचे दोन्ही चिमटे सोडले.

कापड खाली आलं. दचकून निकेतचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलं गेलं.

मागे दिवा. भिंत.

गोदूबाई तशीच बसून राहिली, मान किंचित वर, कोणी समोर उभं असावं तशी. मग म्हणाली, "कर रविवारचं. सांग भटजींना."

तिच्याकडे बघण्याआधी निकेतनं शेवटचा फोटो पाहिला. दिवा पेटलेला होता, तरी तिच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपकाही नव्हता. तिच्या अगदी तोंडाशी कोणी उभं राहिलं, तरच असं होतं.

मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. कपाळ पुसलेलं होतं आणि ओलं. तिचे दोन्ही हात मांडीवर, कोरडे, स्वच्छ.

त्यानं कापड उचललं. त्याला खाऱ्या पाण्याचा वास येत होता. दुमडीच्या, दिव्याकडच्या बाजूला कुंकवाचा एक अंगठा उमटलेला होता.