दोन खुंट्यांवरची जोडी

बुधवारी सकाळी रोपवे सुरू व्हायच्या आधीच कुरोइवाबाई कामिसाकाच्या स्कीघरात येऊन उभ्या राहिल्या. ही बाई आपल्याकडे बघताक्षणी सगळं ओळखणार, असं तेइझो नोगामीला वाटलं.

तसं काही झालं नाही. बाईंनी बुटांवरचा बर्फ झटकला, रुमालात नाक शिंकरलं आणि स्टोव्हजवळची खुर्ची ओढून घेतली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, सर्दीनं बेजार झालेली बाई. वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढल्यावर त्यांनी नागानो शहरात स्वतःची खाजगी तपासाची कचेरी थाटली होती.

त्यांना बोलावलं होतं इसोगाईंनी. इसोगाई म्हणजे कामिसाकाच्या स्की मैदानाचे व्यवस्थापक आणि गावच्या स्की क्लबचे प्रशिक्षकही. त्यांनी थोडक्यात हकिगत सांगितली. रविवारी दुपारी हात्सुनेच्या शर्यतीच्या स्की या घरातून नाहीशा झाल्या. हात्सुने क्लबची सगळ्यात वेगवान मुलगी. सोमवारी प्रांताच्या संघाची निवड-शर्यत होती. ती हुकली. दुपारी आत आलेली व्यक्ती एकच, साफसफाई करणारी नोबुए मियाशिता. अकरा वर्षांची नोकरी, पण इलाज नव्हता. रविवारी संध्याकाळीच तिला घरी बसवलं.

"पोलीस आले की पाहुणे पळतात," इसोगाई म्हणाले. "स्की तेवढ्या परत मिळाल्या की झालं. तेइझो, बाईंच्या बरोबर राहा. त्या विचारतील ते सांग."

तेइझोनं मान हलवली. अठरा वर्षं तो हे स्कीघर सांभाळत होता, लोकांच्या स्की ठेवून घेत होता. आणि रविवारी दुपारी नोबुएशिवाय कुणी आत आलं नाही, हे सांगणाराही तोच होता.

खरं इतकंच होतं, की रविवारी डबा खाऊन तो स्टोव्हपाशी टेकला आणि त्याला डोळा लागला. बाराच्या सुमाराला लागला, तो बारा चाळीसला उघडला. जानेवारीत असंच झालं होतं तेव्हा इसोगाईंनी बजावलं होतं, पुन्हा दिसलं तर घरी बसायचं. म्हणून जाग आल्यावर दारापासून आतपर्यंत फरशीवर वितळलेलं बर्फाचं पाणी दिसलं, तेव्हा त्यानं आधी ते पुसून काढलं. ठशांकडे आपण नीट पाहिलंच नाही, असं तो तीन दिवस स्वतःला बजावत होता.

"स्की ठेवायची तुमची रीत काय?" कुरोइवाबाईंनी विचारलं.

या एका गोष्टीबद्दल तेइझोला अभिमान होता. महागड्या जोडीचे दोन्ही भाग तो कधी एकत्र ठेवत नसे. एक या रांगेत, दुसरा भलत्याच रांगेत. घरात दोनशे चाळीस खुंट्या, त्यात क्लबच्या बारा जणींच्या स्की एकाच रंगाच्या. मालकाला लाकडाचे दोन बिल्ले मिळायचे, दोन्हींवर वेगवेगळा आकडा. बिल्ले हातात नसतील तर जोडी जुळवता जुळवता चोराची दुपार जाईल.

"आणि एकटी स्की चोरून कुणाला काय करायचंय," बाई म्हणाल्या.

"तेच तर."

"हात्सुनेच्या खुंट्या?"

"सतरा आणि दोनशे तीन."

बाई सतरा नंबरपासून दोनशे तीनपर्यंत चालत गेल्या. मधल्या स्की हललेल्या होत्या का, खाली काही पडलं होतं का, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, असं तेइझो म्हणाला. मग त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या आणि बराच वेळ तिथल्या बादलीकडे बघत राहिल्या. बादलीतल्या पाण्याचा दगड झाला होता आणि त्यात पोतेरं गोठून बसलं होतं.

"इथे फरशी कोण पुसतं?"

"नोबुए," तेइझो म्हणाला.

नोबुए देवळामागच्या आळीत एकटी राहत असे. तिनं दार उघडलं, बाईंना आत घेतलं, चहा दिला. तेइझोलाही दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचं सांगणं सरळ होतं. साडेअकराला फरशी पुसली, पावणेबाराला डब्याची पिशवी घेऊन निघाली. बाहेर स्कीशाळेच्या मुलांची रांग होती, रताळी भाजणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलली आणि घरी आली.

खुंट्यांवर काय असतं ते ठाऊक आहे का, असं बाईंनी विचारलं.

"माझी नजर खाली असते, बाई. फरशीबद्दल काय ते विचारा."

"मग फरशीबद्दल विचारते. पुसून झालं की पोतेरं कुठे ठेवता?"

"पिळून स्टोव्हमागच्या खिळ्यावर. बाहेर ठेवलं तर गोठून तुटतं. अकरा वर्षांत एकदाही बाहेर ठेवलेलं नाही."

तेइझोनं चहाचा घोट घेतला. जीभ भाजली, पण त्यानं कप खाली ठेवला नाही.

परत येताना रताळीवालीनं नोबुएचं म्हणणं खरं ठरवलं. नोबुएच्या हातात पिशवीखेरीज काही नव्हतं. अ‍ॅप्रन आणि रबरी बूट घातलेली बाई खांद्यावर स्की घेऊन निघाली असती तर मी हाक मारून विचारलं नसतं का, असं तिनं उलट बाईंनाच सुनावलं. नंतर कोण आलं गेलं, ते मात्र तिला सांगता येईना. दिवसभर माणसं स्की घेऊन येतात, स्की घेऊन जातात. तोंडं कोण बघतो?

क्लबच्या मुली जेवणघरात भेटल्या. आधी रिओ बसली. हात्सुनेच्या जागी सोमवारी तीच शर्यतीत उतरली होती आणि लोक आपल्याबद्दल काय कुजबुजतात हे तिला पुरतं माहीत होतं.

"मला चोरायच्याच असत्या तर मी शर्यतीत नववी कशाला आले असते?" ती फणकारली.

रविवारी बारा ते एक ती बाकीच्या मुलींबरोबर करी-भात खात होती. दहा साक्षीदार होते. हात्सुने तेवढी डोकं दुखतं म्हणून खोलीत पडली होती. क्लबकडे दुसरी जोडी होती, इसोगाईसरांनी ती देऊ केली होती, पण परक्या स्कीवर माझा जम बसत नाही म्हणून हात्सुने नको म्हणाली.

मग हात्सुने जिना उतरून आली. एकोणीस वर्षांची, उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. प्रत्येक पायरीवर तिचा उजवा पाय आधी खाली येत होता आणि डावा त्याच्या शेजारी येऊन थांबत होता. बसल्यावर तिनं उजवा पाय टेबलाखाली लांब सोडला. विचारायच्या आधीच तिनं दोन्ही बिल्ले काढून पुढे ठेवले. सतरा, दोनशे तीन. दिवसभर माझ्याच खिशात होते, म्हणाली. चोरानं ते घेतलेच नाहीत.

बाईंनी चारदोन प्रश्न विचारले. तिनं नीट उत्तरं दिली आणि शेवटी एकच गोष्ट विचारली.

"नोबुएमावशींना पुन्हा कामावर घेतील ना?"

"तिनं चोरी केली नसेल तर घेतील," बाई म्हणाल्या.

हात्सुनेनं बिल्ले उचलून खिशात टाकले.

दुपारी बाई तेइझोला घेऊन रोपवेच्या मधल्या थांब्यावर गेल्या. रविवारी जेवणाच्या वेळी काही वेगळं दिसलं का, असं त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या कामगाराला विचारलं. वेगळं असं काही नाही, तो म्हणाला. क्लबच्या लाल जाकिटातलं कुणीतरी शिखरावरून इथपर्यंत एकाच पायावर उतरलं. सुरेख उतरलं. या पोरी सरावाला तसं करतात.

"कोणता पाय?"

"डावा. उजवा पार हवेत."

शेवटी त्यांनी तेइझोकडे मैदानावर सापडलेल्या वस्तूंची यादी मागितली. ती त्यानं रविवारीच तपासली होती, सोमवारी पुन्हा तपासली होती. तिच्यात जोडी नव्हती.

"जोडी नाही. एकटी स्की?"

"त्या दोन आहेत. पण एकट्या स्की दरवर्षी सापडतात. खोल बर्फात कुणाची तरी निसटते, मग…"

बोलता बोलता तो थांबला. बाईंनी नाक पुसलं आणि रोपवेकडे चालू लागल्या.

चार वाजता स्कीघरात इसोगाई, हात्सुने आणि रिओ जमले. नोबुएलाही निरोप गेला होता, पण ती आली नाही. चोर सापडला की कळवा, एवढंच तिनं उलट सांगितलं.

कुरोइवाबाईंनी दोन एकट्या स्की भिंतीला टेकवून ठेवल्या.

"ही शिखरावरच्या उपाहारगृहाबाहेर सापडली, ही मधल्या थांब्यावर. दोन्हींवरची नावाची चिकटपट्टी खरवडून काढलेली आहे. तीन दिवस दोन्ही सापडलेल्या वस्तूंत पडून होत्या. सगळे जोडी शोधत होते, म्हणून कुणाला दिसल्या नाहीत. तेइझोसानांची युक्ती चांगली आहे. जोडी फोडली की चोराला सापडत नाही. शोधणाऱ्यालाही सापडत नाही."

इसोगाई पुढे झाले. स्कीच्या कडेवरून बोट फिरवून त्यांनी मान डोलावली. हात्सुनेच्याच होत्या.

"नेणारा माणूस दोनशे चाळीस खुंट्यांतून नेमक्या दोनच खुंट्यांपाशी गेला. काही हललं नाही, काही पडलं नाही. म्हणजे आकडे त्याला ठाऊक होते. आकडे तेइझोसानांच्या डोक्यात आणि बिल्ल्यांवर, आणि बिल्ले दिवसभर एकाच खिशात. दुसरं, भर दुपारी स्की घेऊन जाताना तो कुणाच्याच लक्षात आला नाही. नोबुए आली असती. कुणाच्या लक्षात येत नाही, तर स्की पायात घालून जाणारा स्कीपटू. तिसरं, एक स्की वर ठेवून उरलेल्या एकीवर मधल्या थांब्यापर्यंत उतरायचं, हे मला जमणार नाही, तेइझोसानांना जमणार नाही. क्लबच्या मुलींना जमतं. त्यातल्या अकरा जणी त्या वेळी करी-भात खात होत्या."

रिओनं सावकाश हात्सुनेकडे वळून पाहिलं.

"उरला प्रश्न, का? सकाळी मी हात्सुनेशी बोलले, तिनं स्की सापडतील का हे एकदाही विचारलं नाही. क्लबची जोडी मिळत होती, ती नाकारली. म्हणजे तिला स्की नको होत्या असं नाही, शर्यत नको होती. जो माणूस एका पायावर डोंगर उतरतो, तो जिना एकेक पायरी थांबत, दुखरा पाय आधी खाली टाकत का उतरतो? पोरी, उजव्या गुडघ्याला काय झालंय?"

हात्सुने उभीच होती. ती बोलली तेव्हा आवाज इतका खाली होता, की स्टोव्हची घरघर मोठी वाटली.

"अर्धा फाटलाय. आतला स्नायुबंध. जानेवारीत मात्सुमोतो शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, यंदा शर्यत नाही. सर, मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. मग शाळेच्या पोरांनी माझ्या नावाचे फलक रंगवले. सोमवार गेला की स्की सापडल्या म्हणून मीच घेऊन येणार होते. पण रविवारीच मावशींना घरी बसवलं. मग सापडल्या म्हटलं तरी कुणीतरी विचारणारच, कुठे सापडल्या."

इसोगाईंनी टोपी काढून हातात धरली.

"तू लंगडत होतीस," ते म्हणाले. "जानेवारीपासून. मी बघत होतो. थंडीनं आखडला असेल म्हणालो. मला ते तसंच हवं होतं."

हात्सुने तोंड झाकून रडू लागली. रिओनं तिच्या दंडाला धरून तिला खुर्चीवर बसवलं.

"पण एक राहिलं," इसोगाई म्हणाले. "ही आत आली आणि दोन स्की घेऊन गेली, तेव्हा तेइझो कुठे होता?"

कुरोइवाबाईंनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "रविवारी ही फरशी दोनदा पुसली गेली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा पुसणाऱ्याला पोतेरं कुठे टांगायचं ते माहीत नव्हतं. याच्यापुढचं मी सांगणार नाही. ते सांगायचं काम माझं नाही."

त्यांनी तेइझोकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी झोपलो होतो," तेइझो म्हणाला. एकदा तोंड फुटल्यावर त्यानं सगळं सांगितलं. पाणी, बादली, जानेवारीतली ताकीद. मग जे तो स्वतःलाही सांगत नव्हता, तेही. "ठसे मी पाहिले होते. मोठे, चौकोनी. स्कीच्या बुटांचे. नोबुएचे नव्हते ते मला तेव्हाच कळलं होतं. पुसायच्या आधी."

इसोगाईंनी त्याला नोकरीवरून काढलं नाही, ठेवलंही नाही. आधी देवळामागच्या आळीत जाऊन ये, मग बोलू, एवढंच म्हणाले. हात्सुनेही उठली, पण कुरोइवाबाईंनी तिला थांबवलं. एका वेळी एकानं जावं, म्हणाल्या. गर्दीत माफी मागणं फार सोपं असतं.

बर्फ भुरभुरत होता. तेइझो नोबुएच्या दारात पोचला तेव्हा उजेड होता. तो उंबऱ्याबाहेरच गुडघे टेकून बसला, डोकं खाली केलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, ठशांसकट. नोबुए दाराची कड धरून उभी होती. तिनं त्याला एकदाही मधे तोडलं नाही.

"तुम्ही झोपलात त्याचा मला राग नाही," तो थांबल्यावर ती म्हणाली. "थंडीत स्टोव्हपाशी कुणालाही झोप लागते. पण माझं नाव घेतलंत, तेव्हा तुम्ही जागे होतात."

तेइझोनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं दार सरकल्याचा आवाज झाला, अगदी हळू, आदळआपट न करता.