पट्टीला न दिसलेला ताप

तिसऱ्या पट्टीवरही हिरवा दिवा लागला, म्हणजे लागण नाही. डॉ. वैजयंती खोब्रागडेंनी ती उजेडात धरून पुन्हा पाहिली.

समोरच्या खाटेवर डॉ. लालसू पुंगाटी तापाने फणफणत होते. जंगलातल्या या आरोग्य केंद्राचे ते एकमेव डॉक्टर. डोळे लालभडक, हिरड्यांतून रक्त. गावंच्या गावं आडवी करणाऱ्या साथीचीच सगळी लक्षणं. मलेरिया नव्हता, ते आधीच तपासून झालं होतं.

"दमट हवेनं पट्ट्या खराब झाल्या असतील, मॅडम," लालसू कसेबसे म्हणाले.

ही विषाणूवेधी पट्टी वैजयंतींनीच घडवली होती, प्रयोगशाळा नसलेल्या गावांसाठी. कार्बनच्या टोकावर विषाणूला नेमकं धरणारी प्रतिपिंडं बसवलेली. रक्तातला विषाणू त्यांना चिकटला की विद्युतप्रवाहाची वाट अडते आणि दिवा लाल होतो. त्यांनी शीतपेटीतून साथीच्या सुरुवातीचा जपून ठेवलेला नमुना काढला, त्याच पाकिटातल्या पट्टीवर थेंब टाकला.

दिवा लाल झाला.

"पट्टी ठणठणीत आहे."

"मग मला लागण नाही?"

"आहे. पण तुमच्यातला विषाणू बदललेला आहे. आपली प्रतिपिंडं त्याला धरू शकत नाहीत."

लालसूंची नजर सलाइनच्या नळीकडे गेली. "आणि हे औषध?"

औषधातही तेच प्रतिपिंड होतं. एकाच रेणूत तपासणी आणि उपचार, म्हणून स्वस्त. हा हट्ट वैजयंतींचाच. त्यांनी हात पुढे करून नळी बंद केली.

"इतक्या लवकर बदलला?" लालसूंनी विचारलं.

"थोडेसे बदललेले विषाणू प्रत्येक साथीत असतात, डॉक्टर. मूळच्यांच्या गर्दीत त्यांचा एरवी टिकाव लागत नाही." त्यांनी हिरव्या दिव्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "पण पट्टीत सापडला, त्याला आपण इथे कोंडला, औषधानं मारला. सापडला नाही, त्याला मात्र..."

"निरोगी म्हणून घरी पाठवला," लालसूंनी वाक्य पुरं केलं. त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे गर्दी आपणच हटवली. त्याला मोकळं रान आपणच दिलं."

"मी दिलं."

"मॅडम, आज ज्यांचा दिवा हिरवा आला, ती माणसं कुठे आहेत?"

वैजयंती धावत सुटल्या. चपला चिखलात रुतल्या, त्या तिथेच टाकून त्या नदीवर पोहोचल्या. होडी काठ सोडून बरीच पुढे गेली होती. बायका, कडेवरची पोरं, म्हातारी माणसं दाटीवाटीने बसलेली. घरी निघाल्याचा आनंद सगळ्यांच्या चेहऱ्यावर.

"थांबा! परत फिरा!" त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, दोन्ही हात हलवत राहिल्या.

पाण्याच्या आवाजात शब्द काही पोहोचले नाहीत. डॉक्टरीणबाई निरोप द्यायला काठापर्यंत आल्या, असं वाटून होडीतल्या सगळ्यांनी हसत हसत हात हलवले.