भिंतींवर लिहिणारी

भल्या सकाळी बाजारामागच्या गल्लीत ती त्याला रंगेहाथ सापडली. हातात खळीचं डबडं, कोपरापर्यंत वाळलेलं पीठ आणि भिंतीवर अर्धवट चिकटलेला कागद. तो पालिकेचा माणूस. भिंतींवरचे कागद काढणं हे त्याचं काम. कचेरीत सगळे त्याला खरवड्याच म्हणत.

"पळू का?" तिनं विचारलं.

"आधी चिकटवून घ्या. सुटा कोपरा वाऱ्यानं फाटतो."

"आणि मग?"

"मग मी वाचतो. मग काढतो." त्यानं मान खाली घातली. "एक विनंती होती… खळ जरा पातळ करा. हात भरून येतात."

ती हसली. आणि तो दिवसभर चुकीच्या गल्ल्यांत शिरत राहिला.

तिचं एक पुस्तक कधीकाळी निघालं होतं. लोकांनी कौतुक केलं आणि काचेच्या कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून तिनं पुस्तकांशी कट्टी घेतली. आता गोष्टीला नाव नाही, किंमत नाही, पूर्णविरामसुद्धा नाही. वाक्य एका भिंतीवर सुरू व्हायचं आणि वळणापलीकडच्या भिंतीवर पुढे जायचं. ज्याला गोष्ट हवी त्यानं चालावं. भाजीवाल्यांच्या शिव्या, बसथांब्यावरची कुजबुज, सगळं त्यात जसंच्या तसं. कुणी खाली पेन्सिलीनं उलट उत्तर लिहिलं, की पुढची गोष्ट तिथूनच सुरू. स्वतःजवळ ती एक ओळही ठेवत नसे. एवढी धीट बाई त्यानं पाहिली नव्हती.

"मी सगळं काढून टाकतो, वाईट नाही वाटत?" एकदा चहा पिताना त्यानं विचारलं.

"तुम्ही काढता म्हणून तर मला नवं लिहावं लागतं."

"म्हणजे माझ्यासाठी लिहिता?"

"एवढंही नाही हं…" पण तिचे कान लाल झाले होते.

ती मावशीकडे राहायची. मावशी शिवणकाम करायची. "घरातलं पीठ भिंतींना खाऊ घालते," मावशी त्याला म्हणाली. "तुम्ही तरी समजवा."

"तिनं ऐकलं तर माझी नोकरी जाईल, मावशी."

मावशीनं चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं आणि बसायला खुर्ची दिली.

मग एक प्रकाशक आला. त्याला या गोष्टींचं पुस्तक काढायचं होतं. तिच्याकडे काहीच नाही म्हटल्यावर तो खरवड्याकडे गेला. "आठवतील तेवढ्या सांगा. छापखान्यात बसून करायचं काम देतो." उन्हातान्हात खांदा भरून येणाऱ्या माणसाला हे लहान आमिष नव्हतं.

प्रकाशक त्याला भेटल्याचं मावशीकडून कळताच ती तरातरा पालिकेच्या गोदामात आली. बाहेर भुरभुर पाऊस होता.

"काय सांगितलंत त्याला?"

"काही आठवत नाही म्हणालो."

"खरंच नाही आठवत?" आवाजात राग होता… आणि थोडी निराशाही.

तो ओल्या खिडकीकडे बघत बोलू लागला. पुलाखालच्या भिंतींवरची गोष्ट — रोज चुकीच्या बसमध्ये चढणाऱ्या बाईची. शब्द न् शब्द. शेवटी बाई अनोळखी थांब्यावर उतरते, आणि तिथं कुणीतरी तिची वाट बघत असतं…

"हा शेवट माझा नाही," ती म्हणाली.

"शेवटचा कागद पावसात विरघळला होता. मला राहवेना, म्हणून मनानंच…"

"माझी बाई एकटीच घरी गेली होती."

"तशी भीती होतीच मला."

ती खिडकीपाशी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कोण वाट बघत होतं?"

"ते… ठरवलं नाही अजून."

"भित्रा आहेस," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. तिनं त्याचा खरखरीत हात हातात घेतला. "पालिकेचा माणूस होता तो. मी लिहिणारी, मला माहीत असणारच."

"विचार कर. माझं काम काढून टाकण्याचं आहे."

"मग मला काढ मनातून."

"करून पाहिलं," तो हळूच म्हणाला. "निघत नाहीस."