टिकलीनं अडवलेली वाट

"उद्या सांजच्याला तिच्या भाकरीत औषध घालतो, म्हंजी इषय संपला," असं म्हणून दयानंदमामा हात धुवायला उठले.

सुकन्याचा घास हातातच राहिला. 'औषध' म्हणजे कोणतं औषध, हे तेरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. लातूरहून मुखेडजवळच्या या गावी ती दर सुट्टीला यायची, आणि मामांच्या शेतावरची टिकली ही तिची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण होती. तपकिरी अंग आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. सहा वर्षं तिनं मामांचं शेत राखलं, आणि तिला मारायचं ठरवायला मामांना एक जेवण पुरलं!

"पण तिनं केलंय तरी काय?" सुकन्यानं विचारलं.

ते सांगायला गावातल्या धोंडाबाई ओट्यावर बसलेल्याच होत्या. त्यांची दहा-बारा शेरडं होती. रोज सकाळी मामांच्या भुईमुगाच्या कडेनं, बांधावरच्या पायवाटेनं त्या शेरडं गायरानात न्यायच्या. सोमवारपासून टिकली त्या वाटेत आडवी उभी राहून भुंकत होती. आज गुरुवारी तर तिनं धोंडाबाईंच्या लुगड्याचा काठ धरून ओढला. फाटका काठ त्यांनी घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा दाखवला. दूधवाल्या शिवमूर्तीच्या अंगावरही ती अशीच धावली होती म्हणे.

"पिसाळली हाय ती," धोंडाबाई म्हणाल्या. "लई वंगाळ भुंकून राहिली."

दात कुठं लागला का, असं सुकन्यानं विचारलं. दात कुठंच लागला नव्हता. मग पिसाळलेलं कुत्रं काय नेमकं लुगड्याचाच काठ बघून चावतं का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्यावर मामांनी तिला मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये असं सुनावलं. मोठ्या माणसांकडं उत्तर नसलं की ती हेच म्हणतात. आजोबा, म्हणजे रामकिशन आजोबा, शेजारीच सुपारी कातरत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत सुकन्या शेतावर हजर झाली. सोबत मामांचा दहा वर्षांचा मुलगा सत्यम आणि त्याचा दोस्त अरीब. अरीबचं आजोळ याच गावातलं. त्याचे अब्बा जिलानीभाई मुखेडला विहिरींवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे आणि अरीब सुट्टीत त्यांच्या हाताखाली काम शिकायचा.

"ती सच्ची पिसाळली असंल तर?" अरीबनं रास्त शंका काढली. म्हणून तिघंही आधी लिंबाच्या झाडावर चढून बसली.

वरून सगळं शेत दिसत होतं. टिकली आरामात उठली, आळस देऊन हौदावर गेली आणि लपालपा पाणी प्यायली. सात वाजता दोन बाया पाट्या घेऊन त्याच पायवाटेनं गेल्या. टिकलीनं त्यांच्याकडं बघून शेपूट हलवलं आणि पुन्हा सावलीत अंग टाकलं.

"आता का नाही अडवलं?" सुकन्या पुटपुटली.

"सांजच्यालाबी न्हाई अडवत," सत्यम म्हणाला. "काल तर माझ्या पायाशी लोळत होती."

साडेआठला विहिरीवरची मोटार आपोआप घरघरू लागली. आवाज कानी पडताच टिकली ताडकन उठली, वाऱ्यासारखी पायवाटेवर गेली आणि आडवी उभी राहिली! वाटेवर तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. लाईट आली की पिसाळायचं आणि लाईट गेली की शहाणं व्हायचं, असा आजार कोणत्याही गुरांच्या डॉक्टरनं अजून पाहिलेला नाही.

सुकन्या खाली उतरली. दोघांना झाडाखालीच थांबवून ती हळूहळू पायवाटेकडं निघाली. टिकली भुंकायला लागली. सुकन्या जागीच थांबून तिच्याकडं नीट बघू लागली. भांडायला उठलेलं कुत्रं ताठ उभं राहतं, नजर रोखतं, मानेवरचे केस फुलवतं. टिकलीचं सगळंच उलटं होतं. शेपूट पोटाखाली, कान मागं चिकटलेले, अंग खाली वाकवलेलं, आणि जीभ सारखी ओठांवरून फिरत होती. ती सुकन्याकडं बघायची, मग बांधावरच्या गवताकडं, मग परत सुकन्याकडं. सुकन्या एक पाऊल पुढं गेली की भुंकायची. एक पाऊल मागं आली की शेपटीचं टोक हलायचं.

ती 'चावीन' म्हणत नव्हती. ती 'येऊ नको' म्हणत होती, आणि चार दिवस घसा फोडून म्हणत होती. तिच्या नाकाडावर बोटभर लांबीचा काळा, भाजल्यासारखा चट्टा होता. गावातल्या एकालाही तो दिसला नव्हता.

"अरीब, त्या गवतात काय आहे रे?"

अरीबनं लांबूनच डोळे बारीक करून बघितलं. भुईमुगाभोवती गुडघाभर उंचीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. प्रत्येक खुंटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता आणि त्यावरून बारीक उघडी तार गेली होती, पायवाटेपासून जेमतेम वीतभर अंतरावरून.

"नुसत्या तारेला रबर कोण लावतं?" अरीबचा चेहरा उतरला. "ह्या तारंत करंट हाय."

सत्यमनं मान खाली घातली. रानडुकरं भुईमूग उकरतात म्हणून बाबांनी ती तार ओढली होती आणि विहिरीवरच्या पेटीला जोडली होती. पण करंट फक्त रात्रीचा असतो, असं त्यानं पुन्हापुन्हा सांगितलं. रात्री तिकडं फिरकायचं नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद होती.

"मागच्या आठवड्यात शेताच्या लाईटची रात्रपाळी होती," अरीब म्हणाला. "लाईटच रातीला यायची. सोमवारपासून दिवसपाळी झाली ना!"

सगळा उलगडा झाला. पेटीला ऑटो बसवलेला, त्यामुळं लाईट आली की मोटार आपोआप चालू आणि मोटारीबरोबर तारही जिवंत. पाळी बदलली आणि मामा तार सोडायला साफ विसरले. ज्या वाटेनं धोंडाबाई आणि त्यांची शेरडं जायची, त्या वाटेशेजारी सकाळपासून दुपारपर्यंत मरण ताणून ठेवलेलं होतं. सोमवारी टिकलीनं तिथं नाक लावलं, तिला झटका बसला, आणि तेव्हापासून मोटारीचा आवाज आला की ती वाट अडवायला धावत होती.

सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. तिला भयंकर राग आला होता. वाटेवर कुणाला येऊ द्यायचं नाही असं दोघांना बजावून ती धावत घरी गेली आणि मामांना सगळं एका दमात सांगितलं.

मामा हसले! "अगं, ती तार रातीची हाय. जा, खेळा." कोनाड्यात कागदात गुंडाळलेली त्या औषधाची पुडी तिच्या डोळ्यांसमोर होती.

आता सांगून उपयोग नाही, दाखवावंच लागेल, हे सुकन्यानं ओळखलं. ओट्यावर आजोबा होते आणि शेरडं घेऊन धोंडाबाईही दारात आल्या होत्या. सुकन्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामा, सत्यमची चप्पल भुईमुगात पडलीय. तुम्ही आणून द्या. कुत्री पिसाळलेली आहे, आम्हाला भीती वाटते."

भीती वाटते म्हटल्यावर मामांची छाती फुगली. काठी घेऊन ते निघाले, मागून आजोबा आणि धोंडाबाई. सुकन्या मामांच्या बरोबरीनं चालत होती. तारेच्या अलीकडं वीस पावलांवर एक मोठा दगड होता. टिकलीनं अडवलं नाही तर त्या दगडापाशी मामांच्या पायाला मिठी मारायची, हे तिनं मनात पक्कं केलं होतं.

त्याची गरज पडली नाही. दगडाच्याही आधी टिकली आडवी आली. मामांनी काठी उगारली तरी ती हलली नाही. पाठीत काठी बसली, ती केकाटली, पण तिनं त्यांच्या धोतराचा सोगा दातांत धरला आणि मागं ओढू लागली. काठी दुसऱ्यांदा वर गेली तशी सुकन्या मध्ये घुसली.

"मारू नका! जा ना पुढं, मामा. ओलांडा ती तार. रात्रीचीच आहे ना?"

मामांचा पाय उचलला गेला आणि तसाच राहिला. पलीकडं मोटार घरघरत होती. त्यांनी विहिरीकडं बघितलं, तारेकडं बघितलं, आणि हातातली काठी गळून पडली.

"लाईट... लाईट चालू हाय," ते कसेबसे म्हणाले.

"सोमवारपासून चालू आहे!" सुकन्या ओरडली. "ही चार दिवस तेच सांगतेय. लुगडं धरून सांगितलं, भुंकून सांगितलं, मार खाऊन सांगितलं. आणि तुम्ही तिला विष घालायला निघालात! पिसाळलंय कोण, मामा?"

मामाला असं कुणी बोलत नसतं. पण तिला कुणीच गप्प केलं नाही. धोंडाबाईंनी जवळच्या करडाला पोटाशी धरलं. "माय गं," त्या म्हणाल्या, "मी हिला दगडं मारले की गं."

मामांनी धावत विहिरीवर जाऊन फ्यूज काढले. अरीबनं बोलावल्यावर जिलानीभाईंनी लगेच मुखेडहून येऊन पेटीवरचं जोडकाम उपसून टाकलं आणि मामांना चांगलं फैलावर घेतलं. आजोबांनी उभं राहून सगळी तार गुंडाळून घेतली. मग त्यांनी तिन्ही मुलांच्या पाठीवरून हात फिरवला.

"आमचे केस पिकले, पण ध्यान तुमचंच होतं रे पोरांनो," ते म्हणाले. "आज गावातलं एखादं माणूस गेलं असतं. तुम्ही वाचवलंत."

अरीब आणि सत्यम खूश झाले. सुकन्याचा राग मात्र उतरला नव्हता. आम्ही नाही वाचवलं, तिनं वाचवलं, एवढंच ती म्हणाली.

ते ऐकून मामा पुढं आले. मातीतच उकिडवे बसले आणि त्यांनी हात पुढं केला. "ये टिकली. ये बाई."

टिकली दोन पावलं आली. तिनं लांबूनच त्या हाताचा वास घेतला, ओठांवरून जीभ फिरवली आणि मान दुसरीकडं वळवली. शेपूट अजून पोटाखालीच होतं.

"काय म्हणून राहिली ती?" मामांनी हळू आवाजात विचारलं. सहा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"भीती वाटते म्हणते," सुकन्या म्हणाली. "तुमची."

मामांनी हात मागं घेतला नाही. ऊन चढलं, सगळे घरी गेले, तरी ते तसाच हात पुढं करून बांधावर बसून राहिले.