नाक्यावरचं सागाचं पान

खांबावर रक्ताचे चौदा थेंब होते. खांबाला बांधलेल्या सागाच्या पानावर एकही नव्हता. खाली लडक्या पडला होता. मानेवर कोयत्याचे तीन घाव, तिसऱ्याने मणका तुटलेला.

नविनने तोंड फिरवलं. योगिताने थेंब पुन्हा मोजले. डहाणू रोडला तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. नविन तिचा मदतनीस.

तलासरीच्या या डोंगरांत दोन मोठी गावं खडीच्या खाणीवरून लढत होती. २०१७च्या दिवाळीपासून नऊ मुडदे पडले होते. दोहोंच्या मध्ये वसलेल्या वरचा, मधला आणि नदीपाडा या तीन लहान पाड्यांनी शपथ घेतली होती : कुणालाच वाट द्यायची नाही, कुणालाच माणूस द्यायचा नाही. नाक्यावर पाळीपाळीने पहारा, आणि पहारेकऱ्याने आपल्या पाड्याचं पान खांबाला बांधायचं.

"पोरी, सांजेच्या आत खुनी दाखव," म्हातारी जानी म्हणाली. शपथ तिनेच घातली होती. "लडक्या मधल्या पाड्याचा. त्याचं पळसाचं पान गायब. सकाळी निनावी फोन आला, 'नदीपाड्यानं कापलाय, खांबावरचं पान बघा.' पण साग तर वरच्या पाड्याची खूण! तिन्ही पाडे कोयते परजतायत."

"खुणा कायमच्या असतात?"

"दर आठवड्याला बदलतो, परक्याला कळू नये म्हणून. कालच बैठकीत बदलल्या. बाहेरगावी गेलेला एक सोडून सगळी घरं होती."

नदीपाड्याच्या संदीपला लोकांनी झाडाला बांधलं होतं. ओठ फाटलेला.

"लडक्याशी भांडलो होतो, ताई. म्हणून गळा कापीन? खिशात बघा, उद्याच्या पहाऱ्याचं आमचं मोहाचं पान आहे."

मग मधल्या पाड्याचा जीपवाला मनिष.

"काल कासा गावी होतो. आज परतलो, तर हे."

"धंदा कसा चाललाय?"

"बसलाय. वाट बंद झाली, दोन्ही गावांची भाडी गेली."

"हा आपल्याच पाड्यातल्याला कशाला मारेल?" नविन कुजबुजला.

योगिताने सगळ्यांना मनिषच्या जीपपाशी बोलावलं; संदीपलाही झाडापासून सोडवून, हात बांधलेलेच ठेवून आणलं.

"पानावर रक्त नाही, म्हणजे ते खुनानंतर बांधलं. फोनवाल्यानंच बांधलं, बघायलाही त्यानंच सांगितलं. त्याच्या मते साग म्हणजे नदीपाडा."

"गेल्या आठवड्यात होताच की," जानी म्हणाली. "काल वरच्या पाड्याशी अदलाबदल केली, पळस तेवढा तसाच ठेवला."

"म्हणजे माणूस पाड्यांतलाच, पण कालच्या बैठकीला नसलेला. तुम्ही आपसात लढलात की शपथ मोडली. वाट उघडी, भाडी चालू."

माना मनिषकडे वळल्या. त्याने सीटखालून कोयता ओढला. वार नविनच्या दंडात हाडापर्यंत गेला. हात बांधलेल्या संदीपने डोक्यानेच मनिषच्या छातीवर धडक दिली. मनिष पडला, आणि लोकांच्या लाथा, दगड सुरू झाले.

जानी त्याच्या अंगावर आडवी पडली. "मारलात, तर लढाई आपल्या घरात आली! पोलिसांना द्या!"

एक दगड तिच्या खांद्याला लागला. मग लोक थांबले.

सांजेला बैठकीत जानीने विचारलं, शपथ चालू ठेवायची का? बेचाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांनी हात वर केले.