डाव्या पायडलचे आटे

किसनसिंगच्या भंगारात मी माझ्या पिठाच्या चक्कीचं जुनं बिडाचं चाक विकायला गेले होते, सायकल घ्यायला नव्हे. हे आधीच सांगून ठेवते. उमरखेडात आता ज्याला त्याला वाटतं की कांताबाईचं सगळं आधीपासून ठरलेलं होतं. काही ठरलेलं नव्हतं. ठरवून केलेली कामं मी यापेक्षा नीट करते.

फुटक्या कूलरच्या पत्र्यांमागं ती पडली होती. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि गंजाच्या आडून डोकावणारा निळा रंग... मोराच्या मानेला असतो ना, तसा. शर्यतीची जुनी सायकल. मी वाकून हँडल धरलं, आणि त्याच वेळी पलीकडून कोणीतरी सीट धरली.

"ही मी आधी पाह्यली," पलीकडचा माणूस म्हणाला.

"पाह्यली तुम्ही असन. धरली मी."

तो सरळ उभा राहिला. पांढरे, बारीक कापलेले केस, अंगात खाकी पँट, आणि डोळे असे की ओठांच्या आधी तेच हसतात. माझ्याकडं टक लावून पाहत म्हणाला, "बाई, तुमचा आवाज मी कुठंतरी ऐकला आहे."

"अख्ख्या उमरखेडानं ऐकला आहे. सीट सोडा."

त्यानं सोडली. पण बोट बोट करून सोडली, तान्ह्या पोराला दुसऱ्याच्या मांडीवर देतात तशी.

किसनसिंगानं माझं चाक ठेवून घेतलं आणि सायकल दिली. वजनाला वजन. "चाक जड होतं, वरचे पैसे तूच दे," असं मी म्हटलं तर तो हातच जोडून उभा राहिला.

"कोणासाठी घेऊन राह्यल्या?" त्या माणसानं विचारलं.

आता खरं काय सांगू? ती मला आवडली होती. बस. पण एकोणसाठाव्या वर्षी बाई नुसतं 'आवडली' म्हणाली तर लोक दवाखान्यात नेतात. म्हणून मी म्हटलं, "माह्या नातीसाठी. खुशीसाठी. नांदेडला होस्टेलवर शिकते. दिवाळीत आली की चालवन."

निघाले तर चाक फिरेना. मी सायकल खांद्यावर घेतली.

"उचलून नेता का?" तो मागून आला.

"पोती उचलते मी रोज. ही तर काडी आहे."

"उचलान हो तुम्ही... पण सायकल उचलून न्यायची नसते, बाई. तिनं आपल्याले न्यायचं असते." मग हळूच — "मी दुरुस्त करून देतो. पैसे नको. फक्त मले तिले हात लावू द्या."

असं मागणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. म्हटलं, "या. पण चहा एकच भेटन."

देवीलाल राठोड त्याचं नाव. एसटीत ड्रायव्हर होता, रिटायर झाला, बायको वारली, आणि बस स्टँडामागं एका खोलीत एकटाच राहत होता. दुसऱ्या दिवशी माझ्या चक्कीच्या टिनाच्या शेडात त्यानं पोतं अंथरलं आणि सायकल अशी उघडली की माझी सून ममता म्हणाली, "आई, हे आता पुन्हा जुळते का?"

"जुळते," तो म्हणाला. "घाई नसली की सगळंच जुळते."

हे तो सायकलीबद्दल बोलला. तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

मग रोज यायला लागला. काचकागदानं गंज घासायचा, मोडक्या तारा काढून नव्या भरायचा. माझ्या स्टीलच्या वाटीत रॉकेल घालून त्यात चाकातले छर्रे धुतले, तेव्हा मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो ऐकत राहिला आणि मान वर करून म्हणाला, "सापडलं!"

"काय सापडलं?"

"आवाज! तुम्ही फाट्यावर माह्या गाडीपुढं उभ्या राह्यल्या होत्या. मिरच्यांचं पोतं घेऊन. मी म्हटलं, गाडी भरली आहे. तुम्ही म्हणाल्या, मंग माह्या अंगावरून ने!"

आठवलं मला. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पोरगा रवी लहान होता, आणि यवतमाळच्या बाजारात त्या दिवशी मिरची पोचली नसती तर चक्कीचा पट्टा आला नसता. "मंग? नेली ना तुम्ही?"

"नेली नाही तर काय करू? पोतं माह्या बाजूलेच ठेवलं. यवतमाळपर्यंत शिंकत गेलो, बाई... अर्ध्या रस्त्यात सवाऱ्या म्हणायला लागल्या, ड्रायव्हर रडून राह्यला."

इतकी हसले मी, की दळण टाकायला आलेल्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. माझ्या चक्कीवर लोक घाबरून येतात. मला हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

एक दिवस तो म्हणाला, "जरा चक्कीपाशी उभ्या राहा."

"कायले?"

"उजेड अडवून राह्यल्या तिथं."

मी सरकून उभी राहिले. त्यानं एकदाच वर पाहिलं, एकदाच, आणि पुन्हा कामाला लागला. मला उगाच पदर सारखा करावा वाटला.

परतीचा पाऊस आला तो सोयाबीन कापून पडलेलं असताना. गावाचे डोळे आभाळाला लागलेले, रवी ताडपत्री घेऊन शेताकडं पळालेला, आणि टिनावर असा ताशा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. आम्ही दोघं शेडात. त्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. माझा हात पदराचं टोक धरून निघाला... मधेच थांबला. तो पाहत होता.

"पीठ फुकट नेऊ नका," मी म्हटलं.

"मंग पुसून घ्या," तो म्हणाला.

मी नाही पुसलं. पण तो पाऊस आणखी थोडा पडला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. रवीच्या सोयाबीनची शपथ.

पाऊस उघडल्यावर हात पुसत त्यानं सांगितलं. "माह्या पोराचा, अमरचा फोन होता. पुण्याले बोलावून राह्यला, कायमचं. खोली सोडून द्या म्हणते."

"मंग जा ना. पोरगा बोलावते तर कोण नाही म्हणन?"

"सायकल झाली की जाईन. अर्धं काम टाकून नाही जात मी."

मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. पस्तीस वर्षं मी कोणाला काही मागितलं नाही. भावाला नाही, दिराला नाही. 'थांबा' हा शब्द मी फक्त रिक्षावाल्याला म्हणत आले. तो माणसाला कसा म्हणतात, मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी जे केलं, त्याला तुम्ही पोरंपोरी हसाल. हसा.

दुपारी ममता झोपली, की मी चक्कीचा पाना घेऊन शेडात जायची. पहिल्या दिवशी ब्रेकची वायर ढिली केली. दुसऱ्या दिवशी तो आला, त्यानं पाहिलं आणि आवळून टाकली. मग मी चाकाच्या दोन तारा ढिल्या केल्या. चाक डुलायला लागलं. त्यानं पुन्हा बसून, डोळा बारीक करून, त्याचा आऊट काढला, चाक सरळ केलं. "नवीन तारा आहे, बसायला वेळ लागते," म्हणाला. मी म्हटलं, "लागू द्या." असे दिवस जात होते, चहा एकाचे दोन झाले होते, आणि सायकल काही पुरी होत नव्हती.

पण अमरनं बापाची वाट पाहणं सोडलं आणि तिकीटच काढून पाठवलं. सोमवारची गाडी.

"उद्या येतो," शनिवारी देवीलाल म्हणाला. "पायडलमधले छर्रे बदलले, की झालं."

त्या दुपारी मी डाव्या पायडलाला पाना लावला. बरणीचं झाकण उघडतात तसा फिरवला. जरा हललं. अंगातला सगळा जोर लावला. आणखी जरासं फिरलं. आता उद्या हे गळून पडेल, मग नवं आणावं लागेल, ते नागपूरहून येईल, आणि नागपूरहून काही लवकर येत नाही... असा सगळा हिशोब माझ्या डोक्यात होता. दंडाला कळ आली तेव्हा थांबले.

रविवारी तो आला. उजवं पायडल एका झटक्यात सोडवलं. डाव्याला पाना लावला — ढिम्म. उभा राहून जोर लावला, पाय देऊन पाहिला. घाम आला. मग पाना खाली ठेवून तो माझ्याकडं पाहायला लागला. आता डोळे हसत नव्हते.

"कांताबाई, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात."

"असन. मले काय सांगता?"

"दुनिया जिकडं फिरवून सोडते, तिकडं फिरवलं की हे आवळते. कोणीतरी हे सोडायले गेलं... आणि असं आवळून ठेवलं की माह्या बापाच्यानं निघत नाही." त्याचं बोट हँडलावरून चाकाकडं गेलं. "ब्रेकची वायर... तारा... मले वाटलं, पोरं खेळत असतील. पण एवढा जोर पोराच्या हातात नसते."

ममता दारात उभी होती. ती तशीच आत गेली. फार शहाणी पोरगी आहे.

मी खोटं बोलत नाही. बोलले तरी मला जमत नाही. म्हटलं, "मीच केलं."

"काहून?"

काहून, म्हणे! ड्रायव्हरकी करता करता माणूस बह्याड होतो का काय! मला सांगता येईना, आणि सांगता येत नसलं की मी भांडते. मी उठले, सायकलीपाशी गेले, सीटवर हात आपटला. "मले इचारता? आधी हे सांगा. खुशीचा फोटो दाखवला होता मी तुम्हाले. ताडासारखी वाढली आहे पोट्टी. मंग ही सीट एवढी खाली कायले लावली? तिचे गुडघे हँडलाले लागतीन!"

देवीलाल राठोडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साठीच्या माणसाचे कान असे लाल होतात, मला माहीत नव्हतं.

"ती... खुशीच्या मापाची नाही."

"मंग कोणाच्या?"

"चक्कीची कड तुमच्या कमरेले कुठं लागते, ते पाहून घेतलं होतं मी. त्या दिवशी... उजेडाचं तर मी असंच म्हटलं." तो सीटच्या चामड्यावरची नसलेली धूळ पुसत होता. "भंगारात तुम्ही हँडल धरलं ना, तवाच समजलं होतं. नातीसाठी घेणारं माणूस किंमत इचारते, टायर दाबून पाह्यते. तुम्ही तिच्याकडं... पाहतच राह्यल्या होत्या."

"निर्लज्ज," मी म्हटलं. पण आवाज पार पिठासारखा मऊ निघाला.

मी आत गेले. ट्रंकेतून आईचं नऊवारी लुगडं काढलं. दांडीची सायकल आहे, सहावारी पातळावर तिच्यावर बसता येत नाही. कासोटा घालायला हात विसरले होते, तर ममता काही न विचारता मागून आली आणि मागचा घोळ खोचून दिला. बाहेर आले, तोवर त्यानं उजवं पायडल परत बसवलं होतं. डावं कुठं जात नव्हतंच.

"धरा," मी म्हटलं.

त्यानं सीट धरली. मी दांडीवरून पाय टाकला. बसले. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला बरोब्बर टेकले. एक बोटभरही फरक नव्हता. मला मेलीला तेव्हा रडू यायला लागलं. इतकी वर्षं मी घरादाराचं माप घेत आले होते. माझं कोणी घेतलं नव्हतं.

चक्कीपासून मारोतीच्या पारापर्यंतचा रस्ता. मी डुलत, कचकचत चालले, तो वाकून मागं धावत. "समोर पाहा... चाकाकडं नाही, समोर पाहा!"

"तुम्ही बडबड करू नका!"

पाराशी ब्रेक दाबला. लागला. चांगला आवळला होता त्यानं. दोघांनाही धाप लागली होती. त्याचा हात अजून सीटवर होता. समोर पाहूनच मी विचारलं, "उद्याची गाडी कितीले आहे?"

"संध्याकाळी."

"तिच्यापुढं उभी राहीन मी."

मी वळले नाही. वळले असते तर पुढचं निघालं नसतं तोंडातून. "सांगून ठेवते, राठोड. फाट्यावर राहीन, या लुगड्यात, या सायकलीसंग. ड्रायव्हर म्हणन गाडी भरली आहे... तर म्हणीन, असू दे. मले चढायचं नाही. माह्या माणसाले उतरव."

पारावरची पोरं आमच्याकडं पाहत होती. मग तो म्हणाला, अगदी हळू, "गाडीपुढं कायले उभ्या राहता, कांता... मी चढलोच नाही तर?"

कांता. आई गेल्यापासून हा शब्द नुसता, मागं 'बाई' न लावता, कोणी उच्चारला नव्हता.

सोमवारची गाडी वेळेवर सुटली म्हणतात. आम्ही पाहायला गेलो नाही. अमर चिडला, मग महिन्याभरानं येऊन गेला आणि माझ्या हातची भाकर खाऊन निवला. रवी चार दिवस फुगून होता. "आई, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "म्हणू दे. म्हणून झालं की दळण घेऊन माह्याच चक्कीवर येतीन." आले. बाया तर दळण झाल्यावरही उगाच थांबायला लागल्या. आता घरात चहा ठेवताना ममता मला विचारत नाही, कप मोजून मांडते. ते डावं पायडल मात्र अजून निघालेलं नाही. देवीलाल म्हणतो, राहू दे, कुठं जायचं आहे त्याले?

दिवाळीत खुशी आली. शेडात सायकल पाहिली आणि किंचाळलीच. "आजी! माह्यासाठी?" टुणकन चढून बसली, तर गुडघे हँडलाला लागले. "अगं आजी, ही सीट केवढी खाली आहे! आजोबांना सांग ना वर करायले."

आजोबा. पोरीनं आल्या आल्या म्हणूनही टाकलं. पाना हातात घेऊन तो माझ्याकडं पाहायला लागला, करू का वर, म्हणून. डोळे आधी हसले.

"खबरदार कोणी हात लावला तर," मी खुशीला म्हटलं. "उतर खाली. किसनसिंगच्या भंगारात जाय, अन् तुही सायकल तू शोध."